नाल्याचं पाणी, सॅटिस्फॅक्टरी

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी तो कागद लागतोच. ‘पाणी जपून वापरा. उकलून गालून प्या.’ दर वर्षी तेच वाक्य आणि दर वर्षी ळचा ल. मी पेन घेऊन खाली जाते, दोन्ही ळ दुरुस्त करते आणि पुढच्या वर्षी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. सेक्रेटरी म्हणतात, “काकू, अर्थ कळला ना? मग झालं की!” नाही हो, झालं नाही. एका अक्षरानं काय होतं आणि एका शब्दानं काय होतं, ते मला नका शिकवू. सत्त्याऐंशी वर्षांची आहे मी, आणि त्यातला एक आख्खा उन्हाळा मी एका शब्दाशी भांडण्यात घालवलाय.

परवा तो पाण्याच्या मशिनवाला आला. पेनासारखं काहीतरी ग्लासात बुडवलं, त्यातला आकडा पाहिला आणि म्हणाला, “आजी, पानी एकदम सॅटिस्फॅक्टरी है.” माझ्या अंगाची लाही लाही झाली. “कुठलं पाणी? कोण पितं? विचारलंस का?” मी त्याच्यावर अशी काही ओरडले की बिचाऱ्याच्या हातातला पाना पडला. सून आतून धावत आली. “अहो आई, त्याच्यावर कशाला चिडता? त्यानं काय केलंय?” खरंच आहे. त्यानं काहीच केलं नव्हतं. जे काही केलं होतं ते मी केलं होतं, परळला, फार वर्षांपूर्वी.

द्विभाषिकाची वर्षं होती ती. मुंबई राज्य कच्छापासून चांद्यापर्यंत पसरलं होतं, आणि मुंबई कुणाची यावरून रस्त्यात रोज घसे फुटत होते. रोज कुठे ना कुठे मोर्चा. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली, परळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायला लागलेली. फणसवाडीतून निघायचं, ट्राम पकडायची, मोर्चा आडवा आला की उतरून चालायचं. पोचेपर्यंत साडी चुरगळलेली आणि डोकं तापलेलं. वर मोठे साहेब घड्याळ दाखवणार. “मिस तळपदे, महाराष्ट्र येईल तेव्हा येईल, तुम्ही वेळेवर या.”

तर चांद्याकडे कोळशाच्या खाणी. तिथलं पाणी तपासायला यायचं कुठे, तर परळला! नागपूर किती जवळ. पण जवळचं काम जवळ करावं हे सरकारच्या पत्रिकेतच नाही. लाकडी खोक्यात पेंढा भरून बाटल्या यायच्या. खोकं उघडलं की पेंढ्याचा वास यायचा, उन्हात वाळलेल्या शेताचा. परळच्या त्या आम्लाच्या आणि स्पिरिटच्या वासात तो इतका परका वाटायचा की मी क्षणभर हात थांबवून तो घेत असे. मग बाटल्या बाहेर काढायच्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, जाड निळ्या पेन्सिलीनं लिहिलेली. एकीवर ‘नाल्याचे पाणी, खाणीच्या वर’. दुसरीवर ‘नाल्याचे पाणी, खाणीच्या खाली’. तारीख, वार, आणि खाली सही. वा. गेडाम.

या गेडामना मी जन्मात पाहिलं नाही. तरी त्यांचं अक्षर मला माझ्या भावाच्या अक्षरापेक्षा ओळखीचं आहे. खाण जमिनीच्या पोटात असते. आत सगळीकडून पाणी झिरपतं. माणसं बुडू नयेत म्हणून ते पंपानं रात्रंदिवस उपसायचं आणि शेजारच्या नाल्यात सोडून द्यायचं. गेडामची नेमणूक त्या नाल्यावर. खाणीच्या वर एक आणि खाली एक, अशा दोन ठिकाणी नाल्यात आकड्यांची पट्टी रोवलेली. पाणी कुठवर आलं ते रोज सकाळी वाचायचं. लाकडाची ढलपी पाण्यात सोडून ती एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती वेळात जाते ते मोजायचं. आणि पंधरा दिवसांनी दोन बाटल्या भरून मुंबईला धाडायच्या.

खाणीच्या खाली, नाल्याच्या काठानं थोडं चाललं की गेडामचं गाव. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की आख्खं गाव नाल्याचं पाणी प्यायचं. ते पाणी सोसेना तेव्हा लोक खाणीच्या मॅनेजरकडे गेले. मॅनेजर म्हणाला, मुंबईचा कागद आणा. हे पाणी पिण्याजोगं नाही असं मुंबईनं लिहून दिलं, तर खाणीच्या स्वतःच्या विहिरीवरून मी गावाला नळ टाकून देतो. नाहीतर नाही. एवढी साधी गोष्ट. मुंबईच्या एका कागदावर एका गावाचं पाणी अडलं होतं. आणि मुंबई म्हणजे कोण? बाहेर लोक ‘मुंबई आमची’ म्हणून लाठ्या खात होते, आणि ह्या कागदापुरती मुंबई म्हणजे मी! हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे माझ्यासारखे तुम्ही आंधळे राहू नका.

आमच्याकडे एक जाडजूड वही होती. तिच्यात पाण्याच्या जाती चार. नळ, विहीर, नदी आणि नाला. पहिल्या तीन जातींचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, ते तपासायचं. चौथ्या जातीला तो प्रश्नच नाही. नाल्याचं पाणी कोण पितंय? नाला म्हणजे गटार. मुंबईच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. परळचा नाला तर आमच्या खिडकीखालूनच वाहायचा. गिरणीत ज्या रंगाचं कापड, त्या रंगाचा नाला, आज जांभळा तर उद्या तांबडा. तेव्हा नाल्याच्या बाटलीत तळाला तांबूस गाळ दिसला, तर मला त्याचं काय वाटावं? घाण फार नाही ना, पुढे वाहू द्यायला हरकत नाही ना, एवढं पाहायचं आणि शिक्का मारायचा. सॅटिस्फॅक्टरी. लाकडी मुठीचा, जांभळ्या शाईचा तो शिक्का कार्तिकापासून मी त्या बाटल्यांच्या कागदांवर मारत होते, सरळ रेषेत आणि छान ठसठशीत. माझ्या शिक्क्याचं साहेब कौतुक करायचे.

आग लागो त्या शिक्क्याला.

पाण्यात साबणाचं द्रावण थेंब थेंब टाकून बाटली हलवायची, फेस उभा राहतो का बघायचं. पाणी जितकं जड तितका साबण जास्त खातं. तो बाटलीतला आवाज अजून माझ्या कानात आहे. आधी नुसतं पाणी डुचमळतं, मग फेस धरायला लागला की आवाज मऊ होतो. खाणीच्या वरच्या पाण्याचा आवाज लगेच मऊ व्हायचा. खालचं पाणी मात्र हट्टी. कार्तिकात थोडं, माघात जास्त, आणि फाल्गुनात तर हात भरून आला तरी फेस येईना. मी चिडून बाटलीला शिव्या घालायची. का येत नाही फेस, हे मात्र मनाशीसुद्धा विचारलं नाही. नाल्याला कशाला हवाय फेस?

बाटल्या धुवायला जाधव होते. पन्नाशीला टेकलेले, परळच्याच चाळीत राहणारे, बोलायला कमी आणि बोलले तर मिरची. त्यांनी बाटली धुतली की आरशात बघावं तसं तिच्यात बघून घ्यावं. पण पिण्याच्या माठाला मात्र त्यांनी हात लावायचा नाही, तो दुसरा शिपाई भरायचा. असा काही लेखी नियम नव्हता. नुसतं तसं होतं, आणि आम्ही सगळे शिकलेले लोक त्या माठातलं पाणी पीत होतो. त्याची लाज मला फार उशिरा वाटली, तीही त्याच उन्हाळ्यात.

होळी होऊन गेलेली. खिडकीतून ऊन थेट टेबलावर. मी बाटली हलवतेय, हलवतेय, आणि पुटपुटतेय. जाधव मोरीपाशी मागच्या पंधरवड्याची बाटली घासत होते.

“बाई, ही चांद्याची बाटली काय घासून निघत नाय. तळाला गंज बसलाय नुसता. काय पीत असतील हो बिचारे!”

“पीत नाहीत, जाधव. नाल्याचं पाणी आहे ते.”

“म्हणून तर म्हणतो.”

“अहो, नाला! गटार!”

जाधवांनी बाटली खाली ठेवली. हात पुसले. “बाई, गटार ते हितलं. तुमचं नि माझं. तिकडं नाला म्हंजे वाहतं पाणी, आपल्याकडं ओढा म्हणतात तसलं. दीक्षेला नागपूरला गेलो, तिथनं पुढं चांद्याला गेलो, बायकोमुलांसकट. वाटेत भाकरी सोडली तर पाणी कुठलं? एक म्हातारी म्हणाली, नाल्यावर जा. मी पण बिचकलो, तुमच्यासारखाच. म्हटलं, हिकडंपण आम्हाला गटारच दाखवतात का काय! जाऊन बघतो तर आरशासारखं पाणी, खालची वाळू दिसत होती. पोटभर प्यालो. गोड होतं.”

माझ्या हातातली बाटली हातातच राहिली. “मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कधी? मला वाटलं, शिकलेल्या बाई आहेत, शिक्क्यात काय तरी अर्थ असंल.” आणि मग हळूच, बाटली परत उचलत म्हणाले, “आमचं कसं असतं, पाणी प्यायच्या आधी विचारावं लागतं. कुणाचं, कसलं, चालंल का. पिढ्यान् पिढ्यांची सवय. तुम्हाला कधी गरज पडली नाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन पत्रव्यवहाराच्या कारकुनाकडून चांद्याचा गठ्ठा काढला. त्यात गेडामच्या तीन चिठ्ठ्या, टाचणी लावून नीट ठेवलेल्या. कारकून म्हणाला, “प्रत्येक चिठ्ठीवर आवक नंबर टाकलाय, बाई. आपलं काम चोख.” नंबर टाकला होता. वाचली मात्र कुणी नव्हती. पहिलीत लिहिलं होतं: ‘साहेबांस विनंती. खालच्या पाण्यानं डाळ शिजत नाही. कपडे लाल पडून राहिले. लेकरांना हगवण लागून आहे. मॅनेजरसाहेब म्हणतात मुंबईचा कागद आणा. तरी नाल्याचा रिपोर्ट बरोबर द्यावा.’ दुसरीत तेच. तिसरीत तेच, फक्त पेन्सिल जास्त दाबून. आणि मी पाठवलेले कागद गावात पोचत होते. सॅटिस्फॅक्टरी, सॅटिस्फॅक्टरी, सॅटिस्फॅक्टरी. मॅनेजर ते दाखवून सांगत असणार, बघा, तुमची मुंबई काय म्हणते!

त्याच गठ्ठ्यात आणखी एक रत्न सापडलं. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक इंजिनियर बसायचे, प्रवाहाचे आकडे पाहणारे. त्यांनी गेडामना खरमरीत पत्र लिहिलं होतं. वरच्या पट्टीवर शून्य आणि खालच्या पट्टीवर पाणी? वर नाला कोरडा असताना खाली पाणी येतं कुठून? सबब, आपण घरी बसून आकडे भरता असे दिसते, खुलासा करावा. अहो उंटावरचे शहाणे! ते पाणी खाणीचं! वरून नाला आटला तरी पंप ओततोय ना! एके दिवशी पंप बिघडला, त्या दिवशी खालची पट्टीसुद्धा कोरडी, हे त्या माणसानं शेऱ्यात लिहिलं होतं. म्हणजे उन्हाळ्यात त्या नाल्यात नाल्याचा थेंब नव्हता. गाव नुसतं खाणीचं पाणी पीत होतं. आकडे ओरडून सांगत होते आणि आम्ही ते सांगणाऱ्यालाच खोटा ठरवत होतो.

त्या संध्याकाळी घरी आले तर वाडीत सभा. आमचे भाई, म्हणजे माझे वडील, पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क, गॅलरीत उभे राहून भाषण ठोकत होते. एक भाषा, एक राज्य! मराठी माणसाचं दुःख मराठी माणसालाच कळतं! टाळ्या पडत होत्या. जेवायला बसल्यावर मी विचारलं, “भाई, नाला म्हणजे काय हो?”

“हा काय प्रश्न झाला? गटार.”

“तुमच्या महाराष्ट्रात लोक तो पितात.”

“काय बोलतेस जेवताना!”

“खरं तेच बोलतेय. चांद्याला ओढ्याला नाला म्हणतात. तुम्हाला ठाऊक होतं? मला नव्हतं. एक भाषा म्हणे! अहो, पाण्याला काय म्हणतात ते कळत नाही आपल्याला एकमेकांचं, आणि दुःख काय कळणार, कपाळ?”

भाई घास हातात धरून बसून राहिले. आई म्हणाली, “अगं, आमटी गार होतेय.” मी त्यांच्यावर इतकं चिडायचं काही कारण नव्हतं. ते मनापासून बोलत होते, दोनदा पकडलेही गेले होते. पण मला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि स्वतःवर किती चिडणार?

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

“मिस तळपदे, पाठवणारा नाला लिहितो. वहीत नाला आहे. आपण कोण नदी करणार?”

“साहेब, लोक पितात ते.”

“ते त्यांनी पिऊ नये. नाला आहे तो.”

“साहेब, त्यांच्याकडे नाला म्हणजे...”

“त्यांच्याकडे काय म्हणतात, त्यावर सरकार चालत नाही. पाठवणाऱ्यानं चिठ्ठीवर नदी लिहून पाठवावं, मी आनंदानं नदी म्हणून तपासतो. बसा तुमच्या जागेवर.”

पालथ्या घड्यावर पाणी. वर्णन करायला दुसरा शब्द नाही. जागेवर आले तर जाधव वहीची ती चार पानं उघडून बघत उभे. म्हणाले, “पाण्यालासुद्धा चार वर्ण केलेत हो तुमच्या वहीनं. आणि आमचा नाला शेवटचा.” मला हसू आलं नाही. त्यांनीही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

मग मी गेडामना पत्र लिहिलं. स्वतःच्या हातानं, सरकारी भाषा सोडून. कृपा करून पुढच्या चिठ्ठीवर ‘नाला’ नको, ‘नदी’ लिहा. फक्त एवढा एक शब्द बदला, बाकी मी बघते. दिवस मोजत होते. गावात पोरांची पोटं चालली होती आणि माझी पत्रं पोस्टाच्या चालीनं चालली होती. चैत्र लागला, वाडीत हळदीकुंकू झालं, कैरीची डाळ झाली. एरवी मी ती वाटीभर खाते. त्या वर्षी डाळ म्हटलं की मला न शिजणारी डाळच आठवायची. खोकं आलं. पेंढा काढला. बाटलीवर तेच निळं अक्षर: ‘नाल्याचे पाणी’. सोबत पत्र.

‘बाईसाहेबांस नमस्कार. नदी लिहा म्हणता. नदी आमच्या गावापासून चार कोस आहे. हा नाला आहे. माझा आजा याले नालाच म्हणे. आपल्याच हापिसानं मले विचारलं आहे, की तू घरी बसून आकडे भरतो काय. आता मी नाल्याले नदी लिहिली, तर ते म्हणतीन, पाहा, हा खोटंच लिहिते. मी खोटं लिहीत नाही. आकडाही नाही आन् नावही नाही.’

मी ते पत्र टेबलावर आपटलं. देवा रे! एक शब्द, फक्त एक शब्द लिहायला काय जात होतं या माणसाचं? गाव तहानलंय, आणि हा हरिश्चंद्राचा अवतार! जाधवांना वाचून दाखवलं. वाटलं, तेही वैतागतील. त्यांनी पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं. “बरोबर आहे त्याचं. आपल्या चुकीपायी त्यानं का खोटं बोलायचं?”

बरोबर होतं. म्हणूनच जास्त चीड येत होती.

मग मी एक उद्योग केला. तरुण होते, डोकं फिरलेलं होतं. नाला आणि नळ, फरक तो केवढा? ‘नाल्याचे’ वरचा पहिला काना खाल्ला, ल्याचा ळा केला आणि बाटली चक्क नळाच्या पानावर चढवली. नळाचं पाणी नापास झालं तर त्याच दिवशी तार करायची, असा आमचा नियम. बाटली अर्थातच धडाधड नापास झाली. लोह, क्षार, जडपणा, सगळ्यात. तार गेली: नळाचे पाणी पिण्यास अयोग्य, पुरवठा तत्काळ बंद करा. माझा हिशेब असा की तार गेली म्हणजे कुणीतरी अधिकारी धावत गावात जाईल आणि डोळ्यांनी बघेल.

अधिकारी गेला. अगदी धावत गेला. गावभर नळ शोधला. आणि त्याचा अहवाल आला, तो मला शब्दन् शब्द पाठ आहे: ‘सदर गावी नळ नाही. सबब नळाचे पाणी दूषित असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. प्रकरण निकाली.’

नाल्यावर बायका पाणी भरत होत्या, त्यांच्याजवळूनच तो नळ शोधत गेला असणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. प्रकरण निकाली निघालं आणि माझ्या नावानं मेमो निघाला.

साहेब लाल झाले होते. “मिस तळपदे, नाल्याचा नळ? हे काय पोरखेळ आहेत? लोक ते पाणी पितात, तर तसं लिहून यायला नको का?”

“आलंय, साहेब. तीनदा.” आणि मी त्या तीन चिठ्ठ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. आवाज चढला होता माझा. “तीनदा लिहिलंय त्यांनी. आपण नंबर टाकला. मी शिक्का मारला. वाचलं कुणीच नाही. मला काढायचं तर काढा. पण आधी वाचा.”

त्यांनी वाचलं. पहिली चिठ्ठी वाचून चष्मा काढला, पुसला, दुसरी वाचली. तिसरी जरा लांबच धरली. साहेब वाईट माणूस नव्हते हो. वहीच्या बाहेर बघायची सवय मोडली होती, इतकंच. पण सवय ती सवयच. शेवटी म्हणाले काय, तर “ते सगळं खरं. पण घालायचं कुठल्या पानावर?”

मी हताश होऊन खुर्चीची पाठ धरली. जाधव टेबल पुसायला आले होते. फडकं फिरवता फिरवता म्हणाले, “साहेब, वहीच्या शेवटाला एक पान आहे. ‘इतर’ म्हणून. धूळ झटकताना बघितलंय. चारात न बसणाऱ्यांचं पान आम्ही बरोबर ओळखतो.”

साहेबांनी वही उलटी केली. पान होतं. कोरं. ‘इतर, पाठवणाऱ्याच्या वर्णनाप्रमाणे.’ ते त्यांनी मोठ्यानं वाचलं, आणि मग जाधवांकडे नीट पाहिलं. मला वाटतं, पहिल्यांदाच.

मी पुन्हा पत्र लिहिलं. नदी लिहू नका, नळ लिहू नका. जे खरं आहे तेच लिहा, पण जरा जास्त लिहा. वैशाखात बाटली आली. ऊन असं की खोक्याचे खिळे हाताला चटके देत होते. चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीत: ‘खाणीच्या खालचे पाणी. आम्ही पितो ते.’

मी ती बाटली तपासली तसं आयुष्यात काही तपासलं नाही. प्रत्येक चाचणी दोनदा. शिक्का खणात ठेवला आणि हातानं लिहिलं, पिण्यास अयोग्य. साहेबांनी सही केली. सही करताना म्हणाले, “दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरांना मी बोलतो. त्या माणसाचे आकडे खरे आहेत.” कागद गेला. माझा मेमो मात्र मागे घेतला नाही. तो अजून माझ्या कपाटात आहे.

मग काय? मग काही नाही. पावसाळा आला, नाला भरला असेल, वरून खरंच पाणी आलं असेल. कागदाचं उत्तर नाही. कार्तिकात बाटल्या आल्या, चिठ्ठीवर तेच, ‘आम्ही पितो ते’. मी तेच लिहिलं, पिण्यास अयोग्य. माघात तेच, फाल्गुनात तेच. मुंबईचा कागद आणा म्हणणारा मॅनेजर आता मुंबईच्या कागदांवर बसून होता. रोज वाटायचं, गाडी पकडावी आणि त्याच्या टेबलावर बाटली ओतावी. घरी चिडचिड, दारी चिडचिड. आई म्हणायची, हिला उन्हाळा बाधतो. बाधतोच. अजून बाधतो.

पुढच्या वैशाखात महाराष्ट्र झाला. फणसवाडीत गॅलरी गॅलरीत कंदील लागले. भाईंच्या डोळ्यांत पाणी. मला पेढा भरवताना म्हणाले, “आता तुझा तो नाला आणि आमचा ओढा एकाच घरात आले हो.” माझं भांडण ते विसरले नव्हते. मी पेढा खाल्ला. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं होतं.

त्या आठवड्यात खोकं आलं. या वेळी एकच बाटली. पेंढा बाजूला केला आणि चिठ्ठी वाचली. परत वाचली. खिडकीशी उजेडात नेली. मला वाटलं, ‘नाल्याचे’च असणार, मीच घाईत चुकीचं वाचतेय. पण काना नव्हता. आणि ळ चांगला ठळक होता, पेन्सिल दाबून काढलेला.

‘नळाचे पाणी.’

जाधव हात पुसत आले. त्यांनी चिठ्ठी वाचली. “चुकून लिहिलं असंल का हो, बाई?”

“जाधव, हा माणूस आपल्यासाठी नाल्याला नदी म्हणाला नाही. हा नसलेला नळ लिहील?”

जाधवांनीच बाटलीचं बूच काढून दिलं. मी साबणाचे थेंब टाकले आणि हलवायला लागले. चौथ्या-पाचव्या हिसक्यालाच आवाज मऊ झाला. बाटली टेबलावर ठेवली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो, आणि फेस काही केल्या बसेना.